बाबांचे स्पीकर भंगारात घालू का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

परभणीचं आमचं घर दिवाळीनंतर रिकामं करतोय. आई आता माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला येणार. भांडी, कपाटं, पुस्तकं सगळ्यांचं ठरलं, अडलंय ते बैठकीतल्या साऊंडवर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. १९८४ साली शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी मुंबईहून अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि कंबरेएवढे दोन स्पीकर आणले. "लोक कर्ज काढून बैल आणतात, ह्यानं खोकी आणली," असं आजोबा मरेपर्यंत म्हणत होते.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात सेट लावून पाहिला तर डावा स्पीकर फरफर करतो, अ‍ॅम्प्लिफायर नुसता गुणगुणतो. भंगारवाल्यानं वजनावर चारशे रुपये सांगितले. इकडे फ्लॅटमध्ये आमच्याकडे तांब्याएवढा एक ब्लूटूथ स्पीकर आहे. मुलगी त्याला तोंडी सांगते, तो लगेच गाणं लावतो. बायकोचा प्रश्न रास्त आहे: हॉलमध्ये स्पीकर ठेवायचे का सोफा?

तर जाणकारांनी भावना बाजूला ठेवून सांगावं. (माझ्या काही बाजूला होत नाहीत, ते माझं मी बघतो.) घरात एवढा मोठा साऊंड ठेवण्यात आज काही अर्थ उरलाय का? का टाइपरायटरसारखा त्याचाही काळ संपला?

लातूरकर_हिंजवडीत

संपला. स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

आपल्या लहानपणी चांगला आवाज म्हणजे महागडं यंत्र, कारण चांगलं ध्वनिमुद्रण घरी आणायचा दुसरा रस्ताच नव्हता. आता तो आहे. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट. आपण इंटरनेट कॅफेतून पेनड्राइव्हवर भरून आणायचो ती एमपीथ्री बहुतेक १२८ ची, म्हणजे अकरा हिस्से केले तर एक. त्या काळात "मोबाइलवर ऐकतोस? काय कान आहेत का" हे म्हणणं बरोबर होतं. पण २०२१ पासून अ‍ॅपल म्युझिक सीडीच्या तोडीचं आणि त्याहून वरचं त्याच वर्गणीत देतंय. माझ्याकडे फोन, अंगठ्याएवढा डॅक (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा इअरफोनला लागणारा सिग्नल करतो तो) आणि कानातले इअरफोन आहेत. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. श्वास घेतलेला ऐकू येतो, तंबोऱ्याची जवारी ऐकू येते. तुमच्या बाबांच्या सेटवर हे येत होतं का, प्रामाणिकपणे सांगा.

स्पीकर विका, फोटो काढून ठेवा.

मंडपवाला

लातूरकर, कानात बोंडं घालून ऐकलेलं ते तुमचं एकट्याचं झालं की. घरात चार माणसं बसल्यावर काय करता? चौघायला चार बोंडं?

मी पंधरा वर्षं सप्त्याला साऊंड लावू लालो. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतेत, माहीत आसंल. त्यानं ती बाजू खाली उतरते अन् धुम् निघतो. आता त्याच पखवाजाचं रेकॉर्डिंग तांब्याएवढ्या डब्यावर लावा. नुसतं टप् टप् येतंय. धुम् येतच नाही, कारण त्याला हवा ढकलावी लागते अन् डब्यात तेवढा पडदाच नाही. सॉफ्टवेअरनं कितीबी फुगवा, तीन इंची पडदा बारा इंची व्हत नसतोय.

पण एक कबूल करतो. सोय वाईट आसं मी म्हणणार नाही. पयले आमचा अहुजाचा मशीन अन् वर एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर, दोघं मिळून उचलायचो, आत तांब्याचा नि लोखंडाचा गोळा. आता क्लास डीचा अ‍ॅम्प्लिफायर एका हातात येतोय अन् ताकद जास्ती. मिक्सरबी टॅबवर चालतोय. हलकं झालं ते मशीन. स्पीकर हाय तेवढाच हाय.

साधी_सुपारी

मंडपवाले, गणपतीत तुमचे ते स्पीकर आमच्या खिडकीखाली असतात. तेव्हाही थोडी हवा कमी ढकला.

मंडपवाला

ते डीजेवाले, आम्ही नाही. आमचा धंदा कीर्तनाचा हाय. दोन्ही एका मापानं मोजू नका.

खर्ज

अंबाजोगाईहून लिहिते आहे. मी गाणं शिकवते. लातूरकरांचं इअरफोनबद्दलचं म्हणणं अर्धं पटलं, बारकावे तिथे खरंच ऐकू येतात. पण मला एक अनुभव सांगायचा आहे.

करोनानंतर बरीच मुलं फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करायला लागली. सोय मोठी आहे, मीही वापरते. तंबोरा जुळवायला अर्धा तास जायचा, आता पट्टी निवडली की झालं. एक मुलगा काळी एकमध्ये गातो. त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ च्या आसपास. फोनच्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ निघतच नाहीत. त्या स्वराच्या वरच्या तारता तेवढ्या निघतात आणि मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. ऐकताना फसवणूक कळत नाही. पण मंद्रात उतरलं की त्या मुलाला टेकायला काही मिळेना, तो दर वेळी वर सरकायचा. शेवटी माझ्या वडिलांच्या जुन्या डेकच्या स्पीकरला तोच फोन जोडला. तेच अ‍ॅप, तोच तंबोरा. पोरगं पहिल्याच दिवशी म्हणालं, "बाई, आज आवाज जमिनीतून येतोय."

पं. नाथराव नेरळकरांना मी एका लहान खोलीत, विनामाईक ऐकलं आहे. माझ्या दृष्टीनं मोजायची पट्टी ती. घरातलं कुठलंही यंत्र त्याच्या किती जवळ जातं एवढंच मी बघते, मग ते १९८४ चं असो नाहीतर कालचं.

आखाड्यावरून

इथे सगळे फ्लॅटवाले आणि गवई जमलेत, म्हणून आमच्या बाजूचंही लिहिते.

आमचे मामंजी गंगाखेडच्या पुढे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी राहतात. वय ७८. बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं ते दिवस आम्ही काढलेत. त्या काळात घरात डेक होता. लाइट यायची रात्री दोनला, म्हणजे डेक कधी ऐकायचा? व्होल्टेज खाली-वर होऊन त्याचा ट्रान्सफॉर्मर दोनदा जळाला, तिसऱ्यांदा सासूबाईंनी त्यावर पितळी समई ठेवली. ती अजून तिथेच आहे.

२०१७ ला सारेगामाचा कारवां निघाला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली. दिवाळीला नवऱ्यानं आणून दिला. मामंजींना मोबाइल चालवता येत नाही, पण गोल खटका फिरवता येतो. आता गोठ्यात, विहिरीवर, खाटेवर, जिथे ते तिथे तो. तुम्ही म्हणाल आवाज बारीक. असेल. पण आधी त्यांच्या आयुष्यात संगीत आठवड्यातून एक तास होतं, आता दिवसभर आहे. उच्च दर्जाच्या साऊंडला आमच्याकडे ब्लूटूथनं नाही मारलं. त्याच्या आधी महावितरणच्या तारेनं आणि उन्हाळ्यानं मारलं होतं.

लातूरकर_हिंजवडीत

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं.

शंकेखोर

दोन्ही बाजूंवर शंका घेतो, नावाला जागून.

सोय नेहमी जिंकते, हे नवीन नाही. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली ती मुळात भाषण, श्रुतलेखन असल्या कामांसाठी. एलपीपुढे तिचा आवाज कुठेच नव्हता, वर सतत सूंऽऽ चालू. तरी आपल्याकडे घराघरात गेली ती कॅसेटच. आखातातून सुट्टीला आलेल्या माणसाच्या हातात टू-इन-वन दिसलं की गल्ली गोळा व्हायची. भारुडं, कव्वाल्या, कीर्तनं गावागावात पोचली ती तिच्यामुळे. एलपी कुणाच्या घरी होती? डॉक्टर, वकील आणि एखादा कर्जबाजारी मास्तर. (गोदाकाठचे, हलके घ्या.)

आता उलट बाजू. "मोठ्या शहरांत पाहा, रेकॉर्डी परत आल्यात" असं कुणीतरी म्हणेलच. अमेरिकेत २०२२ साली एलपींचा खप सीडीपेक्षा जास्त झाला, १९८७ नंतर पहिल्यांदा: ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. खरी गोष्ट आहे, पण त्यातून सिद्ध काय होतं? सीडी मेली, एवढंच.

आणि हाय-एंडवाल्यांनी स्वतःचं नाव स्वतः घालवलंय. दहा फुटांची स्पीकरची वायर काही हजारांना. ती चांदीची, हिला दिशा आहे, आधी शंभर तास "मुरवावी" लागते. हे ऐकून कुठलाही शहाणा माणूस ब्लूटूथ घेऊन घरी जाईल. जाड तांब्याची साधी वायर घरच्या अंतराला पुरते.

पण "कालबाह्य" हा शब्द धाग्यात ज्या अंगानं वापरलाय त्यावर माझी हरकत आहे. मी २०११ साली आयपॉडचा डॉक घेतला, तीस पिनांच्या खाचेचा. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलनं खाच बदलली. डॉकचा आवाज अजून ठणठणीत, पण त्यात खुपसायला काही नाही. नंतर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वायफाय मिळावं म्हणून क्रोमकास्ट ऑडिओ घेतला. तो निघाला २०१५ ला, बंद झाला २०१९ च्या जानेवारीत. सोनोस या वायरलेस स्पीकरवाल्या कंपनीनं २०२० साली जुन्या स्पीकरांचे सॉफ्टवेअर अपडेट थांबवायचं जाहीर केलं तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. म्हणजे माझ्या घरात कालबाह्य झाल्या त्या सगळ्या सोयीच्याच वस्तू. माळ्यावरच्या भावाच्या १९७९ च्या स्पीकरला मात्र अजून दोन तारा जोडल्या की पुरतं. धागाकर्त्यांनी भंगारवाल्याला विचारावं, तांब्याएवढ्या डब्याचे तो पाच वर्षांनी किती देणार.

लातूरकर_हिंजवडीत

हा मुद्दा चांगला काढलात. बॅटरी चिकटवून बंद केलेली असते, उघडत नाही हे खरंय. माझा पहिला ब्लूटूथ साडेतीन वर्षांत गेला. पण तो तीन हजारांचा होता हो! नवा घेतला, आधीच्यापेक्षा चांगला. तुम्ही वस्तूच्या वयाबद्दल बोलताय, मी आवाजाच्या किमतीबद्दल.

मंडपवाला

अन् कचऱ्याच्या किमतीबद्दल कोण बोलणार?

वायरमन_नांदेड

सगळं वाचलं. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, सगळे आपापली पोथी वाचतायत.

गोदाकाठचे, आधी रोग बघा. फरफर म्हणजे बहुतेक करून पडद्याभोवतीचं फोमचं कडं गेलंय. जाळी काढून बोट लावा, खारीसारखं चुरा होऊन पडेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टिकत नाही, कुठल्याही कंपनीचं असो. कडं नवं बसवता येतं, त्यासाठी स्पीकर टाकून द्यायची गरज नाही. गुणगुण म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर वाळलेत. चाळीस वर्षांत वाळणारच, तेही बदलतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर असेल तर ती नुसती धूळ, स्प्रे मारला की जाते.

एक चाचणी फुकट आहे. पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. स्पीकरची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्या टोकावर, अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल खुणेला जोडलेल्या तारेला सेलचं अधिक आणि काळ्या खुणेच्या तारेला उणं क्षणभर टेकवा. मोठा पडदा बाहेर यायला पाहिजे. दुसऱ्या स्पीकरच्या वायरीलाही असंच करा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर वायर उलटी आहे. तसं असलं की दोन्ही स्पीकर एकमेकांची हवा खातात, खालचा आवाज गायब होतो आणि गाणारा माणूस नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही.

गोदाकाठचा

वायरमनसाहेब, दंडवत.

काल परभणीला गेलो होतो. कडं बोट लावताच पडलं, अगदी खारीसारखं. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. सेल लावून बघितला. डाव्याचा पडदा बाहेर, उजव्याचा आत.

आईला विचारलं. म्हणाली, ताईच्या लग्नात घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं वायरी ओढून काढल्या होत्या, नंतर बाबांनी स्वतःच जोडल्या. लग्न २००३ चं. त्यानंतर बाबा अधूनमधून म्हणायचे की आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही, कान गेले माझे. कान तपासून घ्यायला मीच त्यांना दोनदा घेऊन गेलो. दोन तारांची अदलाबदल होती फक्त.

अजून काय लिहावं सुचत नाही.

खर्ज

वाचून गलबललं.

साधी_सुपारी

माझा विनोद मागे घेतो.

शंकेखोर

अवांतर: परभणीचं घर माळवदाचं आहे का? स्लॅबचं? फ्लॅटमध्ये नेल्यावर तोच स्पीकर वेगळा वाजेल, आधीच सांगून ठेवतो. माळवदाला वर लाकडी सरं, किलच्या, माती आणि जाड भिंती असतात. तिथे आवाज एकदम उसळून परत येत नाही. फ्लॅटमध्ये खाली चकचकीत फरशी, वर गुळगुळीत स्लॅब, समोर काच. टाळी वाजवली तर टण्ण होतं. मग माणूस दोष देतो स्पीकरला.

गोदाकाठचा

निम्मं माळवद, निम्मं स्लॅब. बैठक माळवदाची. आता कळलं.

आखाड्यावरून

फ्लॅटच्या भिंतीवर वाकळ टांगा. सासूबाईंच्या हातची असेल तर दिसायलाही झकास, आणि टण्ण जातं. आमच्या नणंदेनं बाळ झोपत नाही म्हणून टांगली होती, तेव्हा योगायोगानं कळलं.

लातूरकर_हिंजवडीत

आता मलाच उत्सुकता लागली. झालं का रिपेअर?

गोदाकाठचा

सविस्तर लिहितो, पंधरा दिवस झाले.

स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून आणले. इथे शहागंजच्या मागच्या बोळात एक चाचा आहेत. पूर्वी रेडिओ, नंतर डेक, मग टीव्ही, आता मिक्सर-ग्राइंडरवर दुकान चालतं. स्पीकर बघितल्या बघितल्या मिक्सर बाजूला सारला आणि म्हणाले, "ये छोड के जाओ मत, बैठो." बसलो. जुनं कडं ब्लेडनं खरवडलं, थिनरनं गोंद पुसला, नवं चिकटवताना हलका सूर सोडून बोटांनी पडदा मधोमध आणला. घासतोय का ते कान लावून बघत होते. दोन स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर मिळून तेवीसशे घेतले. मिक्सरवाली बाई दोन तास ताटकळली, तिची माफी मागतो.

एक गोची झाली. रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजलीय आणि त्या जातीची अजून मिळालेली नाही. बाबांच्या साठेक एलपी तशाच मुक्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायरला मागे पाच पिनांचं गोल सॉकेट, आजची कुठलीच वायर त्यात बसत नाही. चाचांनी जोडणी डाखून दिली आणि तिला साडेआठशेचा ब्लूटूथ रिसीव्हर लावला. म्हणजे सध्या बाबांच्या स्पीकरवर वाजतो माझा फोनच. लातूरकर, हसा.

रविवारी मुलीनं परीक्षा घेतली. आईला पाठमोरं बसवलं आणि एकच मैफलीचं रेकॉर्डिंग आधी डब्यावर, मग स्पीकरवर लावलं. डब्यावर आई म्हणाली, छान आहे की. स्पीकरवर दोन मिनिटं गप्प बसली आणि मग मान न वळवता डाव्या हातानं दाखवलं: "पेटीवाला इथं बसलाय. तबला तिकडं." मुलगी उठून खरंच तिकडे बघायला लागली.

बायकोचं मत: स्वयंपाकघरात डबाच बरा, तिथे कुणी पेटीवाला बसवून घेणार नाही. ते मान्य झालं. सोफा तीन माणसांचा होता तो दोन माणसांचा घेतला. वाकळ टांगलीय.

लातूरकर_हिंजवडीत

हसलो नाही. दिवाळीत लातूरला जाताना संभाजीनगरवरून वाकडी वाट करून येतो, इअरफोन घेऊन. दोन्ही ऐकू आणि मग भांडू.

मंडपवाला

मी पखवाजाचं रेकॉर्डिंग आणतो.

खर्ज

गोदाकाठचे, चाचांचा नंबर मिळेल का? माझ्या डेकचंही कडं परवा बोट लावताच पडलं.

गोदाकाठचा

व्यक्तिगत निरोप केला आहे. अकराच्या आधी फोन उचलत नाहीत, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. आणि जेवणाचा डबा बरोबर न्या, ते उठू देत नाहीत.